वाडग्याचा हिरवा

नारायण पेठेत मी ऑफसेट प्रेसवर काम करतोय त्याला 19 वर्षं झाली. लग्नपत्रिका, मुंजी, वास्तुशांती किती छापल्या त्याला गणती नाही, पण मागच्या फेब्रुवारीतली ती 500 निमंत्रणं डोक्यातून जात नाहीत.

एका सिरॅमिकवाल्या ताईंचं मुंबईत काळा घोड्याजवळच्या गॅलरीत प्रदर्शन होतं. ताई पाँडिचेरीला गोल्डन ब्रिज पॉटरीत शिकलेल्या, 1971 पासूनची ती जागा, भारतातले कितीतरी स्टुडिओ पॉटर तिथूनच तयार झाले. कार्डावर फक्त एक वाडगा, सेलाडॉन ग्लेझचा, म्हणजे काचेसारख्या हिरवट लेपाचा, बाकी कोरं. 300 जीएसएमचं जाड मॅट कार्ड, चार रंग, मला वाटलं दुपारपर्यंत कटिंगसकट हातावेगळं होईल.

पहिल्या शीट आल्या, मला बऱ्या वाटल्या. ताई काहीच बोलल्या नाहीत, पिशवीतनं जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला तोच वाडगा काढला आणि शीटशेजारी ठेवला. ट्यूबलाइटखाली दोन्ही जवळपास सारखेच दिसत होते. "दादा, जरा उन्हात बघूया?" म्हणाल्या. अंगणात नेलं आणि कार्डावरचा वाडगा एकदम राखेसारखा दिसायला लागला हो. खऱ्या वाडग्यावर कोरलेल्या रेघांमध्ये ग्लेझ साचलेलं, तिथे कैरीच्या सालीसारखा गडद, आणि काठाला इतका पातळ की जवळजवळ पांढरा.

त्यांनी सांगितलं, यात हिरवा रंग घातलेलाच नाहीये, ग्लेझमध्ये एखाद-दोन टक्के लोह असतं, बाराशे अंशांच्या वर भट्टी तापली की हवा कमी करायची, मग हे असं येतं, हवा नीट मिळाली तर तेच लोह पिवळट तपकिरी होतं. आणि उजेड ग्लेझच्या आत शिरून मातीला लागून परत येतो म्हणून तो खोल दिसतो. कागदावर ती खोली कुठून आणणार, पण निदान रंगाची जात तरी चुकायला नको असं मला मनापासून वाटलं.

भिंग लावलं तर हिरव्यात मॅजेंटाचे, म्हणजे गुलाबी शाईचे, ठिपके दाट पडलेले. मशीनवाल्या काकांनी त्या पट्ट्यातल्या मॅजेंटाच्या की, म्हणजे शाई कमीजास्त करायचे स्क्रू, थोड्या बंद केल्या, शीट काढायची, अंगणात पळायचं, वाडग्याशेजारी धरायची, परत आत, असं सहा वेळा. त्यात ओली शाई उजळ दिसते आणि मॅट कागदावर वाळली की बसते, म्हणून किंचित जास्त उजळच ठेवायची होती. मालक कागद वाया जातोय म्हणून कुरकुरले, त्यांचंही बरोबरच आहे, पण लग्नपत्रिकेत माणूस मुहूर्त बघतो, इथे तर रंग बघूनच माणूस गॅलरीची पायरी चढणार होता.

सहाव्या शीटला ताईंनी वाडगा उचलून माझ्या हातात दिला. खाली बुडाला ग्लेझ नव्हतं, नुसती भाजलेली माती, बोटाला खरखरीत लागली. "हाच," म्हणाल्या.

जाताना त्यांनी वाया गेलेल्या शीटही मागून घेतल्या, टेम्पोत सिरॅमिकच्या प्लेटांच्या मध्ये घालायला. मी गठ्ठा सुतळीने बांधून रिक्षात ठेवून दिला.