गळ

ड्रिल घ्यायचा हट्ट माझाच होता, हे आधी सांगून टाकतो.

मी मिनेसोटात तळ्यांचं पाणी तपासणाऱ्या एका छोट्या कंपनीत फील्डवर असतो. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर '१०,००० तळी' असं लिहिलेलं असतं. १० एकरांवरची मोजली तर ती ११,८४२ भरतात. मी मूळचा खानापूर तालुक्यातला. जिथं फेब्रुवारी उजाडला की टँकरची चर्चा सुरू व्हायची, तिथला माणूस आता फेब्रुवारीत पाण्यावर चालत जातो आणि पाणी दिसावं म्हणून भोक पाडतो. माझ्या आईला हे काम अजून नीट पटलेलं नाही.

काम साधं आहे. उथळ तळ्यांत थंडीच्या शेवटी प्राणवायू किती उरलाय ते मोजायचं. वर बर्फ, बर्फावर फूटभर हिम. उजेड खाली पोचत नाही, पाणवनस्पती प्राणवायू करायच्या थांबतात, आणि तळाचा कुजणारा गाळ मात्र आहे तो खातच राहतो. हवेतून नवा यावा तर झाकण घट्ट. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली आकडा गेला की मासे मरू लागतात. मग एप्रिलमध्ये बर्फ वितळला की काठाला पांढऱ्या पोटांची रांग लागते आणि लोक फोन करतात, तळ्यात कुणी विष टाकलं का म्हणून.

मोजायला मीटर पाण्यात सोडावा लागतो, म्हणजे भोक आलं. आमच्याकडं पूर्वी पेट्रोलवरचं ऑगर, म्हणजे बर्फाला भोक पाडायचं फिरकीचं यंत्र, होतं. चौदाएक किलोचं धूड, दोरी ओढून चालू करायचं, आणि उणे वीसमध्ये त्याची मर्जी असेल तर चालू होणार. शिवाय ज्या भोकातून पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच्याच शेजारी पेट्रोलचा थेंब पडला की नमुना बाद. दुसरं होतं हाताचं, आपल्या सुताराच्या गिरमिटाचा थोरला भाऊ म्हणा. ते प्रामाणिक, पण दिवसाला दहा भोकं मारली की रात्री चमचा तोंडापर्यंत नेताना खांदा बोलतो.

गोठलेल्या तळ्यावर मासे धरणाऱ्यांनी यावर तोडगा केव्हाच काढला होता. हाताच्या ऑगरची मूठ काढायची, तिथं अडॅप्टर बसवायचा आणि १८ व्होल्टच्या बॅटरीवरच्या ड्रिलच्या चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या तोंडात, धरायचं. अर्ध्या मिनिटात भोक. दोन हिवाळे मी साहेबांच्या मागं लागलो आणि शेवटी ड्रिल आलं.

याला शिस्त लागते मात्र. ड्रिल हलक्यासलक्याचं चालत नाही. जोर असलेलं आणि अर्ध्या इंचाचा चक असलेलं हवं. गिअर एक नंबरचा, हॅमर बंद. बाजूची आडवी मूठ बसवल्याशिवाय हात लावायचा नाही, कारण पातं बर्फात अडकलं की ऑगर थांबतं आणि ड्रिल फिरायला लागतं, मनगटासकट. हे सहसा बर्फ दोन बोटं कापायचा उरला की होतं. तळाचा बर्फ फुटतो, पातं त्या तुटक्या काठात रुततं आणि जोराचा हिसका बसतो. आमची नमुन्याची बाटली जाडजूड, म्हणून भोक ८ इंची लागतं. ६ आणि ८ ऐकायला जवळजवळचे वाटतात, पण ८ इंचीला पावणेदोनपट बर्फ कापावा लागतो. त्या दिवशी बर्फ ४३ सेंटिमीटर होता. म्हणजे एका भोकातून साधारण १३ किलो बर्फाचा चुरा वर येतो. तेवढं काम एवढंसं ड्रिल करतं, तेव्हा त्याच्याबद्दल आदर वाटतो.

आणि शेवटची गोष्ट, चकती. अडॅप्टरला जेवणाच्या ताटाएवढी प्लॅस्टिकची चकती असते. तिचं काम एकच. चक सुटला तर ऑगर भोकात जाऊ नये, चकती वर अडावी. आमची चकतीवाली जोडणी आदल्या दिवशी धुऊन गॅरेजमध्ये हीटरजवळ वाळत ठेवली होती. ती तिथंच राहिली. पेटीत साधा, बिनचकतीचा अडॅप्टर सापडला. म्हटलं, सहा भोकं तर मारायचीत.

सकाळी सव्वाआठ, उणे २२. वारा नव्हता, तेवढीच देवाची कृपा. बर्फ अधूनमधून लांबवर कण्हल्यासारखा आवाज करत होता. नव्या माणसाची त्यानं पाचावर धारण बसते, पण घट्ट बर्फही थंडीनं ताणला की बोलतो. पहिलं भोक झकास झालं. दुसरं आरपार गेलं, पाणी वर आलं, आणि ऑगरच्या फिरकीला बर्फाची लापशी चिकटून बसली. ती झटकायला मी ऑगर पाण्यातच ठेवून ड्रिल उलटं फिरवलं.

ज्यानं चक हातानं आवळून बिट बसवलंय त्याला पुढचं सांगायला नको. चक सुलट फिरताना आवळत जातो. उलट झटका दिला, तोही खाली चार-पाच किलो स्टील लोंबत असताना, की सुटतो. हातातलं वजन एकदम हलकं झालं. लापशी थोडी हलली, मधोमध काळी झाली, परत मिटली. डुबुकसुद्धा झालं नाही.

माझा जोडीदार साठीचा. त्याचे आजोबा नॉर्वेहून आलेले. तो भोकाकडं बघत म्हणाला, "उफ् डा." इथल्या लोकांचं हे 'अरे देवा'पासून 'कर्म माझं'पर्यंत सगळं एका दमात सांगणारं बोलणं आहे. मग त्यानं खाली बसून जाळीच्या झाऱ्यानं भोकातली लापशी काढायला सुरुवात केली. मला एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

जवळपास तीन-चार तंबू होते, मासे धरणाऱ्यांचे. अशी बातमी बर्फावर फार लवकर पसरते. पाच मिनिटांत भोकाभोवती आम्ही सातजण. एक म्हणाला चुंबक सोडा. त्याच्याकडं चुंबक होता, पण घरी, वीस मैलांवर. एकानं सुचवलं की वसंतात बर्फ गेल्यावर या. एक नुसताच हसत होता. पण एकाकडं पाण्यातला कॅमेरा होता, मासे आहेत का बघायला लोक बाळगतात तो, छोट्या पडद्याचा. त्यानं तो भोकातून खाली सोडला.

तळ बर्फाखाली २.७ मीटरवर होता. पडद्यावर आधी नुसता करडा धूर दिसला, मग गाळ, आणि मग आमचं ऑगर. पात्यांच्या बाजूनं सरळ खाली गेलेलं, वीतभर गाळात रुतून किंचित कलतं उभं. कुणीतरी शेतात पहार रोवून जेवायला गेल्यासारखं.

पहिला प्रयत्न फासाचा. दोरीला सरकगाठ मारून ऑगरच्या डोक्यावरून घालायची. वीस मिनिटं आळीपाळीनं केलं. फास पाण्यात मिटतो, आणि बाहेर काढला की ओली दोरी मिनिटाभरात काठी होते. ती बुटाखाली मळून पुन्हा मऊ करायची. कंटाळा येऊन मी उभा राहिलो, आणि समोर दिसला तो आमच्या आळीतला आड.

आडात पोहरा पडला की गळ आणायचा, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. लोखंडाचे चार-सहा आकडे एका कडीला, वर लांब दोर. सबंध आळीत गळ एकाच घरी असायचा. मागायला गेलं की त्या घरची म्हातारी आधी विचारायची, "कुणाच्या हातनं पडला?" नाव कळल्याशिवाय गळ मिळायचा नाही. मग आडाच्या काठावर बसून आण्णा दोर हळूहळू फिरवायचे, बघायचे मात्र भलतीकडंच. सगळं बोटांत. एकदम थांबायचे आणि म्हणायचे, "हां, लागला." त्यानंतर आडाभोवती कुणी बोलायचं नाही.

इथं विचारायला म्हातारी नव्हती. कुणाच्या हातनं पडलं ते सातहीजणांना ठाऊक होतं.

मी पिकअपकडं गेलो. सामान आवळायच्या पट्ट्यांना टोकाला लोखंडी आकडे असतात. त्यातले तीन काढले, पाठीला पाठ लावून धरले आणि पाइपला लावतात तो क्लॅम्प स्क्रूड्रायव्हरनं आवळला. वरून चिकटपट्टी. उणे बावीसमध्ये चिकटपट्टी चिकटत नाही, म्हणून गुंडाळी आधी थोडा वेळ काखेत धरावी लागली. बाटली सोडायचा नवा दोर त्याला बांधला. एका मासेवाल्यानं विचारलं, याला काय म्हणतात? मी म्हटलं, गळ. त्यानं दोनदा म्हणून पाहिलं, 'ळ' काही त्याला जमला नाही.

एकाच भोकातून कॅमेऱ्याची वायर आणि दोर, दोन्ही खाली. पडद्याकडं बघून करायला गेलो तर हात उलटाच चालायचा. शेवटी पडद्याकडं पाठ केली. ऑगरची फिरकी म्हणजे गळासाठी शिडीच. कुठंही टेकला की एखादा आकडा अडकणारच. दोन वेळा घसरला. तिसऱ्या वेळी दोराला तो ओळखीचा जडपणा आला.

"लागला," मी म्हटलं. मराठीत.

गाळ सोडेना. जोडीदारानं मागून दोर धरला, आम्ही ओढ देऊन नुसते थांबलो, आणि मग आतून काहीतरी ढिलं झालं. ऑगर वर आलं ते काळं होऊन, सडक्या अंड्याच्या वासासकट. टाळ्या वगैरे झाल्या. कुणीतरी थर्मासमधली कॉफी दिली. कॅमेरावाला वायर गुंडाळत होता, तो मध्येच थांबला.

"हे बघा," तो म्हणाला.

कॅमेरा वर येता येता बर्फाच्या पोटाशी पोचला होता. तिथं मासे होते. पर्च आणि सनफिश, पंधरा-वीस असतील, बर्फाच्या खालच्या अंगाला जवळजवळ चिकटून. पोहत नव्हते. कल्ले तेवढे भराभर हलत होते. खाली तळापर्यंत ऑगर शोधताना आम्हाला एकही मासा दिसला नव्हता, आणि ते तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ही माणसं पहाटे सहापासून गळ टाकून बसली होती, गळ टेकवला होता तळाजवळ. त्या मघाच्या हसणाऱ्यानं हळूच विचारलं, "म्हणूनच सकाळपासून काही लागत नाहीये का?"

मी मीटर सोडला. बर्फाच्या लगेच खाली २.४ मिलिग्रॅम, एक मीटरवर १.१, दोन मीटरवर ०.३. तापमान वर ०.४ अंश आणि तळाला ३.६. हे उलटं वाटतं पण बरोबर आहे, पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. जोडीदारानं मीटरचा प्रोब बाहेर काढला, हवेत धरून तपासला, पुसून परत सोडला. तेच आकडे. तिसऱ्यांदा तो प्रोब पुसायला लागला तेव्हा मी म्हटलं राहू दे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्याला म्हणीचा अर्थ सांगितला. त्यानं मान हलवली आणि आकडे लिहून घेतले. आम्ही भोकं बुजवत नाही, ती आपोआप गोठतात. पण निघताना पाहिलं तर पहिल्या भोकात तोपर्यंत बारके मासे आणि पाणकिडे येऊन गर्दी करून होते. ८ इंचाचं भोक, सबंध तळ्यात तेवढीच खिडकी. अशा तळ्यांत हवा सोडणारी यंत्रं लावता येतात, पण त्यांच्याभोवती बर्फ पातळ होतो, माणसं बुडू शकतात, म्हणून इथं त्याला परवाना लागतो आणि धोक्याच्या पाट्या लावाव्या लागतात. ते ठरवणं आमच्या हातात नसतं. आम्ही आकडे पाठवतो.

उरलेल्या चार भोकांची गोष्ट थोडक्यात. या सगळ्या गडबडीत ड्रिल बॅटरीसकट दीड तास बर्फावर पडून होतं. एरवी बॅटरी मी कोटाच्या आत, छातीशी ठेवतो; गारठली की लिथियमची बॅटरी निम्म्यातच मान टाकते. हिनं अर्ध्या भोकात टाकली. दुसरी बॅटरी रिकामीच, आणि पिकअपमधल्या चार्जरवर ठेवली तर त्याचा लाल दिवा लुकलुकत राहिला, घेईचना. बरोबरच होतं त्याचं. शून्याखाली चार्ज केली तर आतून खराब होते, आधी ऊब द्या म्हणत होता. मग काढली हाताची मूठ. साडेतीन भोकं हातानं, तीही सगळ्या गावासमोर. हसणाऱ्या गृहस्थानं एक मारून दिलं, ते मी लक्षात ठेवलंय.

फील्डच्या कागदावर 'अडचणी' असा एक रकाना असतो. त्यात जोडीदारानं लिहिलं: ऑगर गेलं. आलं. एवढंच.

रात्री गळाचा फोटो आण्णांना पाठवला आणि सगळं सविस्तर बोलून पाठवलं. त्यांचा उलट निरोप सकाळी आला, मागं म्हशीचं हंबरणं. "आकडे तीनच लावलास व्हय? चार पायजेत. आन् दोर कसला हुता ते बोलला न्हाईस." मग थोडं थांबून, "आन् ह्ये असलं सगळं कराय ते तुला पगार देत्यात?"