वय पाच ते अठ्ठ्याहत्तर: वेताळ टेकडीवरची एक सकाळ

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही नऊ जण पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाऊन आलो. सगळ्यांत लहान माझा भाचा, वय पाच. सगळ्यांत मोठ्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर. मधे दहावी-बारावीतली दोन मुलं, आम्ही दोघी बहिणी, आमचे नवरे आणि शेजारचे काका. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या हिवाळ्यात झालंय.

गेल्या वर्षी हाच बेत चतुःशृंगीकडून चढून केला होता आणि तो फसला. मुलं पुढे पळाली, काका दुखरा गुडघा धरून वाटेत बसले, सासूबाई "तुम्ही व्हा पुढे" म्हणत खालीच थांबल्या. वर पोचलो ते आम्ही चौघं. घरी आल्यावर मला फार वाईट वाटलं, कारण एकत्र निघालो होतो आणि एकत्र काहीच पाहिलं नव्हतं.

म्हणून यंदा पौड रस्त्याकडून एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या फाटकापर्यंत गाडीने गेलो. मोठा चढ गाडीतच संपतो आणि पुढे बऱ्यापैकी सपाट पठार लागतं. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हीच वाट धरा. टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे, पुणे शहरातली ही सगळ्यांत उंच जागा. पण तो माथा गाठलाच पाहिजे असं काही नाही. आम्ही अडीच तासांत जेमतेम दोन किलोमीटर चाललो. सगळ्यांत पुढे सासूबाई आणि भाचा. कोणी त्यांच्या पुढे जायचं नाही, एवढा एकच नियम केला होता.

तो नियम शंभर पावलांत फळाला आला. गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि भाच्याच्या मोज्यांत कुसळं घुसली. तो रडवेला झाला. सासूबाईंनी दगडावर बैठक मारली, एक कुसळ उपसून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि बाटलीतलं पाणी बोटाने त्यावर सोडलं. दोन-तीन क्षण काहीच झालं नाही. मग त्या कुसळाची काळी, पीळ पडलेली शेपटी हळूहळू वळायला लागली, घड्याळाच्या काट्यासारखी, आपली आपण! भाचा रडायचं विसरला. बारावीतल्या लेकाने मोबाईल खिशात टाकला आणि खाली वाकला. कुसळाच्या टोकाशी बी असतं आणि त्यावर मागे वळलेले तांबूस केस असतात. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो आणि त्या वळण्याने बी मातीत रुतत जातं. केसांमुळे ते मागे सरकू शकत नाही, म्हणूनच मोज्यातूनही निघता निघत नाही. लहानपणी गुरांमागे हिंडताना हा सासूबाईंचा खेळ होता, हे मला लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर त्या दिवशी कळलं.

काकांनी घडीचं स्टूल आणलं होतं. दर थोड्या अंतरावर ते बसायचे, आणि पक्षी दिसले ते बहुतेक त्यांनाच. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेली कापशी त्यांनी दाखवली. गवतातला उंदीर हेरत होती. वेडे राघू, कोतवाल, टिटवी सगळ्यांनी पाहिले, मोराचा नुसता आवाज ऐकला. गिरीपुष्पाच्या दाटीत मात्र सामसूम. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं. वनीकरणात इथे फार लावलं गेलं, आणि त्याखाली आपली झाडंझुडपं फारशी दिसत नाहीत. पळस, सालई, गणेर जिथे टिकून आहेत तिथे थांबा, वेळ तिथेच घालवा. या टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढण्याचे प्रस्ताव आले तेव्हा इतके पुणेकर विरोधात का उभे राहिले, ते मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

जुन्या दगडखाणीत पाणी साठलंय. कडेच्या काळ्या कातळात थर दिसतात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. लांबूनच बघा. कड धोक्याची आहे, तिथे लहान मुलाचा हात सोडू नका, आणि पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही.

उतरून घरी आलो तर गल्लीच्या तोंडाशी उंबराखाली पिकल्या फळांचा सडा. कोणी फार दिवसांनी भेटलं की सासूबाई "उंबराचं फूल झालास" म्हणतात. भाच्याने विचारलं, फूल कुठाय? चाकूने एक उंबर मधोमध चिरलं. आतली भिंत बारीक फुलांनी गच्च भरलेली, आणि त्यातून मुंगीहून लहान काळसर कीटक बाहेर आले. हे कीटक म्हणजे उंबराची माशी. मादी फळाच्या टोकावरच्या बारीक छिद्रातून आत शिरते, शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. आत ती परागीकरण करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखांचे नर बाहेर पडायचा बोगदा कोरतात, आणि माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडतात. दहा रुपयांचं भिंग त्या दिवशी दुर्बिणीपेक्षा जास्त हातांतून फिरलं.

जाणाऱ्यांनी एवढं पाहा. ऑक्टोबरचं ऊन वाईट असतं, साडेसहाला वर असा आणि नऊला परत फिरा. वर दुकान नाही, स्वच्छतागृहाच्या भरवशावर राहू नका. घरातून जाऊन निघा, विशेषतः आजी-आजोबांसाठी. माणशी एक लिटर पाणी घ्या. खाणं साधं ठेवा, आम्ही गूळपोळी आणि केळी नेली होती; सालंसुद्धा परत आणायची. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात, तेव्हा काठी हवीच. फेब्रुवारीनंतर गवत वाळून वणव्याची भीती असते, काडी पेटवू नका. संध्याकाळी गेलात तर अंधाराआधी खाली या. ज्यांना एवढंही झेपणार नाही त्यांना एम्प्रेस गार्डनला न्या: तिकीट काढावं लागतं, पण वाटा सपाट, बाकं आहेत आणि जुने अवाढव्य वृक्ष आहेत.

मोजे धुवायला टाकण्याआधी कुसळं काढा, नाहीतर घरभराच्या कपड्यांत जातात. आमच्याकडे ते काम आजी-नातवाने दुपारभर केलं. काढलेली कुसळं काडेपेटीत भरून फ्रीजवर ठेवलीत. पहिला पाऊस पडेपर्यंत तिला हात लावायचा नाही, अशी भाच्याची ताकीद आहे.