तुम्ही विचारलंत म्हणून: हे प्रभूकडूनच होतं का?

उपासना संपल्यावर चपला घालता घालता, दवाखान्याच्या बाकावर, कधी तर लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न हळू आवाजात येतो. कुणाला पहाटे आपल्या नावाची हाक ऐकू आलेली असते. कुणाला पलंगाच्या पायथ्याशी पांढऱ्या कपड्यांतलं कुणीतरी दिसलेलं असतं, कुणाला वारलेली आई स्वयंपाकघरात. "हे प्रभूकडूनच होतं का? आणि याचा अर्थ काय?"

सोलापुरात उत्तर द्यायला माणसं कमी नाहीत. शेजारी म्हणतात, बाहेरचं आहे, कुणाला तरी दाखवून आणा. मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, एखादी मावशी म्हणते, पवित्र आत्म्याचा अभिषेक झाला. शिकलेला भाचा म्हणतो, मनाचे खेळ. तिघांचीही उत्तरं दोन मिनिटांत तयार असतात, म्हणूनच मला तिन्ही पटत नाहीत. कुठून आलं, हे पुष्कळदा शेवटपर्यंत कळत नाही. त्याचं आपण काय करायचं, हे मात्र बहुतेक वेळा कळतं, आणि ख्रिस्ती माणसाला तेवढ्यावर चालता येतं.

पहिलं काम वहीत लिहून काढायचं, आणि तेही त्याच दिवशी, कुणाला सांगण्याच्या आधी. तारीख, वेळ, झोपेतून उठताना की पूर्ण जागेपणी, उताणे होतात की कुशीवर, जेवण किती तासांपूर्वी झालं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, ताप होता का, आदल्या तीन रात्री झोप किती झाली. शब्द ऐकू आले असतील तर नेमके तेच शब्द, ज्या भाषेत आले त्या भाषेत. आपल्याकडे घरात तेलुगू आणि बाहेर मराठी अशी पुष्कळ घरं आहेत. मग खाली रेघ मारून, रेघेखाली तुम्हाला काय वाटलं ते. "पांढऱ्या कपड्यांतलं कुणीतरी उभं होतं, तोंड दिसलं नाही" हे रेघेच्या वर. "प्रभू आला होता" हे खाली. बहुतेक घोटाळा ही रेघ न मारल्यामुळे होतो. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत कपड्यांना प्रकाश येतो, पाचव्यांदा तोंडही दिसायला लागतं. यात कुणी खोटं बोलत नसतं. आठवण प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते, आणि ऐकणाऱ्याचे डोळे मोठे झाले की तिला जोर चढतो.

मग शरीर तपासायचं. याने विश्वास कमी होत नाही. यंत्रमागावर किंवा हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्यांना झोपेतून जागं होताना हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसलंय, खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं. स्वप्नाच्या झोपेत मेंदू अंगाचे स्नायू सैल करून ठेवतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागून सुटतात. काही सेकंद ते एक-दोन मिनिटं चालतं. पाठीवर झोपल्याने, झोप तुटल्याने, पाळ्या बदलल्याने वाढतं. तीन-चार आठवडे कुशीवर झोपा, ठरलेल्या वेळी सात तास झोप घ्या. तो "पाहुणा" यायचा थांबला, तर उत्तर मिळालं.

उपवास प्रार्थनेचं वेगळं सांगायला हवं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता उपवास धरला आणि साखर ७० च्या खाली गेली, की घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे चमक, सगळं येतं. हे सामर्थ्य उतरल्यासारखंच वाटतं. त्यातून लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, संपता संपता सोलापूरचा उन्हाळा पेटलेला असतो, आणि मंडपात शंभर माणसं. अशा वेळी कुणी कोसळलं, तर शुद्धीवर असल्यास आधी साखर-पाणी द्यावं, हात ठेवून प्रार्थना मागून करावी. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना.

मोतीबिंदू किंवा काचबिंदूने नजर गेलेल्या आजींना माणसं दिसतात, मुकी, नटलेली, कधी रांगेने जाणारी. बुद्धी शाबूत असते. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. म्हातारा माणूस एकाएकी, दोन दिवसांत, भलतंच पाहू-बोलू लागला तर लघवीची तपासणी करून घ्या, जंतुसंसर्गाने असं होतं. आणि पुन्हा पुन्हा तोच वास, पोटातून वर चढणारी तीच लाट, तीच अपार भीती किंवा आनंद, मिनिट-दोन मिनिटं, आणि घरचे सांगतात की तेव्हा नजर थिजते, ओठ चाळवतात: हे फिट्सच्या डॉक्टरांना दाखवायचं, ईईजी काढायचा.

"म्हणजे कारण सापडलं की देव संपला?" असं लगेच विचारतात. इथे बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १० उघडा. पेत्र यापोत धाब्यावर प्रार्थनेला चढला. भर दुपार, त्याला भूक लागली होती, खाली स्वयंपाक चालू होता. आणि त्याला दिसलं काय, तर आकाशातून उतरणारी चादर, तिच्यात यहुदी नियमाने अशुद्ध मानलेलेही प्राणी, आणि "मारून खा" असा आवाज! भुकेल्या माणसाला अन्नाचा दृष्टांत. भूक लपवावी असं लिहिणाऱ्याला वाटलं नाही. तीनदा दिसूनही पेत्राला अर्थ लागला नाही, तो घोटाळ्यात पडला असं स्पष्ट लिहिलंय. तेवढ्यात दारात कर्नेल्य या रोमी सैन्यातल्या, यहुदी नसलेल्या अधिकाऱ्याची माणसं आली. तो त्यांच्याबरोबर कैसरियाला गेला, पन्नासेक किलोमीटर, म्हणजे इथून अक्कलकोटच्याही पुढे. परराष्ट्रीयाच्या घरात पाय टाकल्यावर त्याच्या तोंडून अर्थ निघाला, की कोणाही माणसाला अशुद्ध म्हणू नये. चादरीत माणसांबद्दल चकार शब्द नव्हता. अर्थ लागला तो पुढचं पाऊल टाकल्यावर, आणि माणसांमध्ये. शिवाय सहा भाऊ साक्षीला बरोबर होते, आणि यरुशलेमेत परतल्यावर त्याला सगळा हिशेब द्यावा लागला.

म्हणून एकट्याने अर्थ लावू नका. दोघांना सांगा: एक पाळक किंवा मंडळीतले वडील, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते, दुसरं असं माणूस जे तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखतं आणि सहज भारावत नाही. वहीचं पान त्यांना वाचून दाखवा, रेघेच्या वरचं आधी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मुळीच नको. तिथे सकाळी टाकलेला अनुभव संध्याकाळी भाकीत होऊन परत येतो.

पारख कशाने करायची, तर पवित्र शास्त्राने आणि फळाने. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल एका दमात दोन्ही सांगतो, आत्म्याला विझवू नका आणि सर्व गोष्टींची पारख करा. एकच अर्धं उचलणाऱ्या मंडळ्या आपण दोन्ही बाजूंच्या पाहतो. फळ म्हणजे गालतीकरांस ५ मधली प्रीती, आनंद, शांती, सौम्यता वगैरेंची यादी, आणि ती घरच्यांना विचारायची: दोन-तीन महिन्यांत हा माणूस सौम्य झाला, की "मला प्रभू थेट बोलतो" म्हणून बायकोवर ओरडायला लागला? इथूनच पुण्याच्या गाडीने जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात २९ जून १९०५ च्या पहाटे एका मुलीवर अग्नी उतरलेला दिसला, सोबतची मुलगी बादलीभर पाणी घेऊन धावली, आणि जवळ आल्यावर कळलं की काही जळत नाहीये. त्या आगीचं काय होतं यावर आजही वाद घालता येईल. त्यानंतर मुलींनी पापं कबूल केली, खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगत फिरल्या, यावर वाद नाही.

आत्ता काही गोष्टी बजावून सांगतो. बायबल डोळे मिटून उघडायचं आणि बोट पडेल त्या वचनावर लग्न ठरवायचं, हा जुगार आहे. "प्रभूने सांगितलं, तू माझ्याशी लग्न कर" किंवा "अमुक रक्कम दे", असा दुसऱ्याने आणलेला आदेश घेऊ नका. माझ्यासाठी निरोप असेल तर मलाही कळू दे, असं त्याला म्हणावं. खिन्नतेत घेतलेला निर्णय आधीचा चांगला निर्णय मोडत असेल तर थांबा, हा लोयोलाच्या इग्नेशियसचा, म्हणजे जेझुइट संघाच्या कॅथलिक संस्थापकाचा, नियम प्रोटेस्टंटांनीही बिनदिक्कत घ्यावा. बरं वाटलं म्हणून बीपीच्या, फिट्सच्या गोळ्या सोडू नका. येशूने बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्याला आधी याजकाला दाखवायला पाठवलं. आज तो रिपोर्ट लॅबमधून येतो. आणि भूत काढायच्या नावाने कुणाला मारणं, बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हातात बायबल असलं तरी.

वारलेलं माणूस दिसण्याबद्दल घाबरून विचारतात, हे पाप आहे का? मृतांना बोलावणं शास्त्रात मना आहे. न बोलावता दिसणं हे दुःखाचंच एक रूप असतं. १९७१ मध्ये वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांची पाहणी प्रसिद्ध झाली. जवळपास निम्म्यांना जोडीदाराची चाहूल लागली होती, कुणाला दिसला, कुणाला आवाज आला, आणि बहुतेकांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. रडा, देवाचे आभार माना. फक्त दिसलेल्या माणसाला वाटणीचा निकाल विचारू नका.

आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, चार रात्री झोप नसूनही उत्साह ओसंडत असेल, घरच्यांवर विषप्रयोगाचा संशय येत असेल, तर वहीही नको, पारखही नको. सिव्हिलला किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट चालतो.

एवढं करूनही काही अनुभव उरतातच, शरीराच्या खात्यात न बसणारे आणि कुठलंही काम न सांगणारे. पौलाने आपला तसला अनुभव चौदा वर्षांनी काढला, तोही "एक मनुष्य" असं म्हणून, आणि शरीरात होतो की शरीराबाहेर ते मला ठाऊक नाही, देवाला ठाऊक, असं दोनदा लिहिलं. काय ऐकलं ते सांगितलंच नाही. कॅथलिक मंडळींनाही मे २०२४ च्या नव्या नियमांनुसार बिशप सहसा "हे अलौकिकच" असा शिक्का देत नाहीत. फार तर, याने विश्वासाला अडथळा नाही, इतकंच म्हणतात. आपल्यालाही तेवढं चालेल.

साक्ष द्यायचीच असेल तर सहा महिने जाऊ द्या. मग वहीतलं वरचं वाचा, पाच मिनिटांच्या आत, दुसऱ्या कुणाचं नाव न घेता. "प्रभू म्हणाला" च्या जागी "मला असं ऐकू आलं" म्हणा. आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी "मला कधीच असं काही झालं नाही" म्हणत उदास झालं, तर उपासनेनंतर त्याच्याशेजारी बसून त्याचा चहा होईपर्यंत त्याचं ऐका.