बर्फाखालची बार्नेकल

आज ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर गेले होते. गारठा इतका की खिशातून हात काढवत नव्हता. खडकाला चिकटून राहणाऱ्या चिमुकल्या कवचधारी बार्नेकलांवर बर्फाची पातळ साय धरलेली, कवचांची दारं घट्ट मिटलेली. हे खेकड्यांचेच भाऊबंद! उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवरची ही जात अंगातलं थोडं पाणी गोठलं तरी तगते. भरती आली की पिसांसारखे पाय बाहेर काढते. शिवाय त्याच कवचात अख्खा हिवाळा अंडी जपते आणि वसंतात पाण्यात सूक्ष्म शैवाल वाढलं की पिल्लं सोडते. किती नेमकी वेळ साधतात!

उन्हाळ्यात टणाटण उडणारा सँडहॉपर, वाळूत राहणारा चिमुकला जीव, मात्र एकही दिसला नाही. थंडीत ते भरतीरेषेच्या वर, वाळूतल्या बिळात निपचित पडून असतात. कदाचित माझ्या पायाखालीच असतील. परतताना पाऊल जपून टाकलं.