दिवस कुठून मोजायचे?

‘सर, गर्भपाताबद्दल धर्म काय सांगतो?’

तौलनिक धर्म हा विषय मी बरीच वर्षं शिकवला आणि तेवढी सगळी वर्षं हा प्रश्न माझ्या मागे आहे. वर्गात तो मागच्या बाकावरून मोठ्याने येतो, विचारणारा बहुधा मुलगा असतो. वर्ग सुटला की तोच प्रश्न दारापाशी येतो, आवाज खाली आणून, ‘मैत्रिणीसाठी विचारतेय’ असं आधीच सांगून. फोनवर आला तर त्याआधी दहा मिनिटं भलत्याच गोष्टी होतात. परवा तुम्हीही विचारलंत आणि मी सवयीने ‘सवडीने बोलू’ म्हणालो. आज बसलोय.

पाप आहे की नाही ते एका शब्दात हवं असेल, तर कुठल्याही धर्माच्या एकाच जाणकाराला गाठावं. दुसऱ्याला विचारलं की घोटाळा झालाच.

यातलं माझं नेहमीचं उदाहरण बायबलच्या जुन्या करारातलं, निर्गम ग्रंथाच्या 21व्या अध्यायातलं. दोन माणसं मारामारी करताहेत, मध्ये एका गरोदर बाईला मार लागतो आणि तिचं मूल पडतं. हिब्रू मजकूर सांगतो की आणखी इजा झाली नसेल तर दंड भरावा, झाली असेल तर जिवाला जीव. इजा कुणाला? ज्यू परंपरेने वाचलं, बाईला. म्हणजे गर्भ गेला तर भरपाई, बाई गेली तर मनुष्यवध. पुढे ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात या ग्रंथांचं ग्रीक भाषांतर झालं, आणि भाषांतरकारांनी त्या जागी भलतंच लिहिलं. मूल अजून आकाराला आलेलं नसेल तर दंड, आलेलं असेल तर जिवाला जीव. झालं. आता बघायची ती बाईची इजा नव्हे, गर्भाचा आकार. सुरुवातीच्या ख्रिस्ती पंडितांच्या वाचनात मुख्यतः हेच ग्रीक किंवा त्यावरून केलेलं लॅटिन होतं. दोन धर्मांच्या वाटा इथे फुटल्या असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण फार नाही. आजही काही भाषांतरं ‘मूल पडतं’ऐवजी ‘मूल अकाली जन्मतं’ असं लिहितात, की लगेच इजेचा सवाल मुलालाही लागू होतो. भाषांतर करणाऱ्यांना आपण फार कमी पैसे देतो, असं मला अशा वेळी वाटतं.

बरं, आकाराला येतो म्हणजे कधी? ॲरिस्टॉटलने आकडे देऊन ठेवले होते: मुलगा असेल तर 40 दिवस, मुलगी असेल तर साधारण 90. चर्चने गर्भपाताला पाप मात्र पहिल्या शतकांपासून मानलं, त्यात कधी ढिलाई नव्हती. वाद होता तो पाप कोणत्या जातीचं याचा, तो खून धरायचा की त्याहून कमी काही. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती पंडिताने आकाराला आलेल्या आणि न आलेल्या गर्भात फरक केला. तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याच्या मते मानवी आत्मा उशिरानेच येतो. 1588 मध्ये पोप पाचवे सिक्स्टस यांनी हा फरक मोडून काढला आणि सरसकट कडक शिक्षा लावल्या. तीनच वर्षांनी चौदावे ग्रेगरी यांनी तो परत आणला. 1869 मध्ये नववे पायस यांनी शिक्षेपुरता तो पुन्हा काढला, तो आजवर. 

इस्लाममध्येही चाळिशीच आहे, पण तीनदा. एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनात, गर्भाचे 40-40 दिवसांचे तीन टप्पे सांगून मग फरिश्ता रूह, म्हणजे आत्मा, फुंकतो असं येतं. बेरीज 120. तरी इस्लामी कायद्याच्या मालिकी परंपरेतले बहुतेक पंडित अगदी सुरुवातीपासून मनाई करतात, आणि हनफी परंपरेतल्या अनेकांनी 120 दिवसांच्या आत, सबळ कारण असल्यास, वाट मोकळी ठेवली. अकराव्या शतकातले मुस्लिम विचारवंत अल-गझाली यांचं म्हणणं मला या सगळ्या गर्दीत सर्वांत शहाणपणाचं वाटत आलंय: अपराध पहिल्यापासून आहेच, पण गर्भ जसजसा पुढे सरकतो तसतसा तो जड होत जातो. ज्यूंचा धर्मग्रंथ तालमूद पहिल्या 40 दिवसांतल्या गर्भाला ‘नुसतं पाणी’ म्हणतो. बौद्ध विनय, म्हणजे भिक्षूंचे नियम, इतका हिशोब करत बसत नाही. जाणीव प्रथम उपजली तेव्हापासून तो मनुष्य, आणि भिक्षूने गर्भ पाडायला हातभार लावला तर तो संघाबाहेर.

संस्कृत ग्रंथांत एकवाक्यता असेल असं अनेकांना वाटतं. नाही. चरक म्हणतो की शुक्र, शोणित आणि जीव कुशीत एकत्र आले की त्याला गर्भ म्हणायचं, म्हणजे जीव पहिल्या क्षणालाच हजर. गर्भोपनिषद जिवाला आणतं सातव्या महिन्यात. सुश्रुत चौथ्या महिन्यापर्यंत गेलेल्याला स्राव म्हणतो आणि पाचव्या-सहाव्यात गेलेल्याला पात, कारण तोवर शरीर घट्ट झालेलं असतं. चौथ्या महिन्यात हृदय प्रकट होतं म्हणून त्या बाईला तो ‘दौहृदिनी’ म्हणतो, दोन हृदयांची. आपला ‘डोहाळे’ हा शब्द याच कुळातला. आणि धर्मसूत्रांत भ्रूणहत्या हे घोर पातक आहे खरं, पण वसिष्ठाने दिलेलं कारण वाचा: ज्याचं लिंग कळलेलं नाही असा गर्भ मारणारा भ्रूणहा, कारण असे गर्भ पुरुष होतात. कळवळा कुणाचा होता ते यात आलं.

हे सगळे आकडे ज्यांनी घातले त्यांतल्या एकालाही कधी दिवस गेले नव्हते. मलाही नाही. हे मला कळायला जरा उशीरच झाला.

एका जाहीर व्याख्यानात मी हेच सगळं सांगितलं होतं. फळ्यावर 40, 90, 120 असे मोठे आकडे लिहिले होते. लोक पांगले. एक पन्नाशीच्या बाई तेवढ्या तिसऱ्या रांगेत बसून राहिल्या. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा काढत होत्या, लावत होत्या. मग उठून फळ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘सर, हे चाळीस दिवस कुठून धरायचे?’

मी खूश! इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी उत्साहाने सांगत सुटलो की जुने लोक गर्भ राहिल्यापासून मोजायचे, डॉक्टर मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, कारण गर्भ नेमका कधी राहिला ते सहसा माहीत नसतं. त्यामुळे डॉक्टर ‘सहा आठवडे’ म्हणतात तेव्हा गर्भ असतो साधारण चार आठवड्यांचा. दोन आठवडे वजा करायचे.

बाईंनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायला सुरुवात केली. ओठ हलत होते. ‘डॉक्टर साडेसहा आठवडे म्हणाले होते,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणजे पंचेचाळीस. त्यातून चौदा गेले.’ थोडं थांबून, ‘एकतीस. चाळिसाच्या आत.’ मग फळ्याकडे बघत, ‘आणि मुलगी असेल तर नव्वद ना? मला नेहमी मुलगीच वाटायची.’

मी मान हलवली. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि गेल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि लागली नाही ती दयेपेक्षा भीतीने. त्या आठ आठवडे म्हणाल्या असत्या तर? वजाबाकी करून 42 उरले असते आणि मी, हातात खडू घेऊन, दोन दिवसांनी त्यांना पलीकडे ढकललं असतं. ॲरिस्टॉटलने मुलीला उशिरा घडणारी ठरवलं तो हिणकसपणाच होता. बाईंनी त्याचीच उशी केली. या आकड्यांचा इतिहास सांगणं म्हणजे फक्त इतिहास सांगणं, हा माझा समज त्या दिवशी गेला.

विज्ञान तरी एक तारीख देईल असं वाटायचं. ते माहिती देतं, तारीख देत नाही. फलित पेशीसमूह साधारण दोन आठवड्यांपर्यंत दुभंगून जुळी होऊ शकतात, मग त्याआधी तिथे एक जीव होता की दोन? हा पहिल्या क्षणापासून व्यक्ती मानणाऱ्यांना अडचणीचा प्रश्न आहे. गर्भाशयाबाहेर जगण्याची शक्यता 24 आठवड्यांच्या आसपास सुरू होते म्हणावं, तर ती सीमा यंत्रांप्रमाणे सरकते, आणि यंत्र सुधारलं म्हणून गर्भाची नैतिक किंमत वाढली असं कसं म्हणायचं? हा दुसऱ्या बाजूला अडचणीचा.

तत्त्वज्ञांनी तारखेतून सुटायचा प्रयत्न केला. ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी 1971 मध्ये म्हटलं, गर्भ व्यक्ती आहे असं मानूनच चालू. तुम्ही जागे होता आणि बघता तर एक प्रसिद्ध व्हायोलिनवादक नळ्यांनी तुमच्या मूत्रपिंडांना जोडलेला आहे. नऊ महिने तसेच राहिलात तर तो जगेल. राहिलात तर थोर, पण नळी काढलीत तर खुनी का? युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि तरी पोटातलं मूल व्हायोलिनवादकासारखं परकं नाही ही रुखरुख राहते. 1989 मध्ये डॉन मार्क्विस यांनी उलट बाजूने सांगितलं की मारणं वाईट, कारण त्याने समोरच्याचं सगळं पुढचं आयुष्य हिरावतं, आणि गर्भालाही पुढचं आयुष्य आहेच. यात आत्मा नाही, देव नाही, तरी निष्कर्ष धर्मगुरूंचाच. दोन्ही निबंध मी वर्गात शिकवले. मुलं टाळ्या देत वाद घालायची.

पण मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी 1970च्या दशकात वेगळंच केलं. गर्भपाताचा निर्णय समोर असलेल्या 29 बायकांशी त्या बोलल्या. त्या बायकांच्या बोलण्यात हक्क आणि आत्मा यांपेक्षा दुसरंच पुन्हा पुन्हा येत होतं: कोण माझ्यावर अवलंबून आहे, कुणाला दुखवतेय, मी स्वतः त्या हिशोबात धरायची की नाही. पुस्तकांतला प्रश्न ‘तो कोण आहे’ असा होता आणि या बायकांचा ‘मी कुणाची कोण आहे’ असा.

आपल्या भाषेत गर्भपात ‘होतो’ आणि गर्भपात ‘केला’ जातो. शब्द एकच, क्रियापद तेवढं बदलतं. कित्येक बायका ते क्रियापदही टाळतात, ‘पिशवी साफ केली’ म्हणतात. सोडून दिलेल्या त्या शब्दाच्या जागी दुःख ठेवायला कुठे जागा असते का? जपानमध्ये आहे. तिथे न जन्मलेल्या मुलाला ‘मिझुको’ म्हणतात, पाण्याचं मूल, आणि जिझो बोधिसत्त्वाच्या छोट्या मूर्तीला लाल लाळेरं बांधून त्याच्यासाठी विधी करतात. तालमूदने ‘नुसतं पाणी’ म्हटलं ते अपराध हलका करायला. इथे पाण्याला मूल म्हटलंय आणि निरोप दिलाय. 1970च्या दशकापासून हा विधी फार पसरला, आणि काही मंदिरांनी बायकांना अतृप्त आत्म्याची भीती घालून त्यावर पैसे केले, अशी टीकाही तिथेच झाली. हेही तितकंच खरं. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चने जाहीर केलेल्या करुणावर्षापुरती सगळ्याच पाद्रींना गर्भपाताच्या पापाची क्षमा द्यायची मुभा दिली आणि पुढच्या वर्षी ती कायम केली. पाप नाही असं ते म्हणाले नाहीत, फक्त दार रुंद केलं.

माझं मत विचाराल, आणि तुम्ही ते विचारताच, तर मी गझालींच्या जवळ उभा आहे. सुरुवातीचा गर्भ म्हणजे तुम्ही-मी नव्हे, आणि तो काहीच नाही असंही नव्हे. निर्णय बाईचा, कारण तिच्या आयुष्याचे सगळे तपशील फक्त तिच्याकडे असतात. यात मिश्ना, ज्यूंचा जुना नियमसंग्रह, मला धीर देते: अडलेल्या बाईचा जीव वाचवायला पोटातलं मूल कापून काढावं, कारण तिचा जीव आधी. मात्र मूल बहुतेक बाहेर आलं की हात लावायचा नाही, जिवापुढे जीव सारायचा नाही. पण ‘निर्णय तिचा’ म्हणजे ‘प्रत्येक निर्णय बरोबर’ असं मला म्हणता येत नाही. मुलगी आहे म्हणून पाडलेल्या गर्भाबद्दल मी बोलायला लागलो की माझंच आधीचं वाक्य अडखळतं. हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते मला जमलेलं नाही. वर्गात ते मी कबूल करायचो, तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगा खूश व्हायचा.

व्याख्यानं अजून होतात. फळ्यावर आकडे लिहीत नाही. दारापाशी कुणी ‘मैत्रिणीसाठी विचारतेय’ म्हणालं तर मी मैत्रीणच धरून चालतो. ती झोपते का, जेवते का, घरात कुणाला माहीत आहे, सोबत कोण जाणार आहे, हे विचारतो. मैत्रिणीबद्दलची उत्तरं फार बारकाईने मिळतात.