हॉर्नबिल फेस्टिव्हल, आणि आमचे टोपीवाले काका

हॉर्नबिलला, म्हणजे नागालँडमधल्या नागा जमातींच्या उत्सवाला, जायचं असेल तर कोहिमात हॉटेल आधीच घ्या वगैरे सगळे सांगतात, मी पण सांगते, पण घेऊनही काही उपयोग नाही, कारण 1 ते 10 डिसेंबरात तिथे गरम पाण्याची बादली मागितली की लोक आपल्याकडे दयेने बघतात. दिमापूरहून वर येताना धूळ इतकी खाल्ली की रात्री जेवायची इच्छाच नव्हती. असो. पहिले दोन दिवस नाच, स्मोक्ड पोर्क, बांबूच्या मगातून झुथो (तांदळाची बिअर), फोटो, झालं.

लिहायला बसले ते आमच्या ग्रुपमधल्या एका काकांमुळे.

किसामाला, कोहिमाजवळ जिथे हा उत्सव भरतो तिथे, प्रत्येक जमातीचा आपला मोरुंग (गावातल्या तरुण मुलांचं पारंपरिक घर) उभारलेला असतो आणि आसपास विक्रीचे स्टॉल. एका कोन्याक जमातीच्या बाईंच्या स्टॉलवर दाव, म्हणजे नागांचे कोयते, होते, रुंद पात्याचे, लाकडाच्या मुठीचे, लाल रंगवलेल्या बकरीच्या केसांनी मढवलेले भाले होते, पितळी मुंडक्यांच्या माळा होत्या (पूर्वी अशी माळ शत्रूचं डोकं आणणाऱ्याच्या गळ्यात असायची, आता मुंबईकरांच्या), आणि मधोमध शिरोभूषण. वेताची टोपी, लाल केस, रानडुकराचे सुळे आणि वर उभी पांढरी पिसं, मध्ये काळा पट्टा. काकांनी टोपी उचलली, उलटी केली, पीस चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाले, 'ये तो कागज है!'

हो, कागदच होता. बाई हसल्या. म्हणाल्या, 'असली हम बेचते नहीं, अंकल.'

इथे खरं तर विषय संपायला हवा होता. पण काका 'पैसे जास्त देतो, घरात जुनी असेलच की, आजोबांची' यावर आले. मला इतकी लाज वाटली की मी शेजारच्या स्टॉलवर उगाच शाली चाळत बसले, पण कान तिकडेच. बाई शांतपणे सांगत होत्या की ही पिसं आधी वाटेल त्याला घालता येत नसत, मान मिळवावा लागायचा, आणि घरातली टोपी भावाची आहे, सणाला लागते. काकांना वाटलं भाव वाढवतायत. पाच हजार म्हणाले. मग आठ.

ती खरी पिसं मोठ्या धनेशाच्या (हाच तो हॉर्नबिल) शेपटीची असतात, म्हणजे कोकणात ज्याला माडगरुड म्हणतात तोच. हा पक्षी वन्यजीव कायद्यात, 1972 च्या, पहिल्या परिशिष्टात आहे. पिसं विकणं गुन्हा, घेणंही गुन्हा, तीन ते सात वर्षं शिक्षा. आणि मादी अंड्यांवर बसताना स्वतःला ढोलीत लिंपून घेते, नर बाहेरून भरवतो, त्यामुळे पिसांसाठी नर मारला की आतले सगळे उपाशी. हे काकांना मी जेवताना सांगितलं. म्हणाले, 'मी काय मारायला सांगितलं का? जुनीच मागतोय.'

जुनीच! जुनी उरलीत कुठे फारशी? मिशनरी आल्यावर किती घरांनी ती सोडून दिली, आणि हटन, मिल्स वगैरे इंग्रज अधिकाऱ्यांनी हजारो वस्तू गोळा करून ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियमला दिल्या. नुसत्या टोप्या नाहीत, माणसांच्या कवट्या पण. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तर इंग्लंडातल्या एका ऑक्शन हाऊसने शिंगं लावलेली नागा कवटी लिलावाला काढली होती! कोहिमाहून मुख्यमंत्र्यांनी दिल्लीला पत्र लिहिलं, बोंबाबोंब झाली तेव्हा मागे घेतली. ही भूक काकांचीच आहे, फक्त त्यांचं बजेट आठ हजार.

आणि भूक असली की पुरवठा होतोच. मी दाव घेतला त्या तरुण लोहाराने हसत हसत सांगितलं की 'ओल्ड पीस' हवा असला तर नवा दाव चुलीवरच्या मांडणीत टांगायचा, धुरात काळा होतो, मूठ तेलाने घासली की टुरिस्ट खूश. मला नवाच दिला, चकचकीत, दोन हजाराला, मी एक रुपया कमी करायला सांगितला नाही. सामानात चेक-इन केला आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळला, नाहीतर बॅगेचं कापड फाटतं. घरी नारळ फोडायला उत्तम.

काकांना शेवटी दिमापूरच्या बाजारात कोणीतरी काळपट टोपी विकली. पिसं बहुतेक कोंबडीची, त्यामुळे निदान जेल तरी नाही. ग्रुपवर फोटो आलाय, खाली '100+ वर्षं जुनी, योद्ध्याची'. खरंच शंभर वर्षांची असती तर ती कायद्याने पुरातन वस्तू ठरली असती आणि विकणाऱ्याला लायसन्स लागलं असतं, हे मी टाइप केलं होतं. मग काकूंनी खाली बदाम टाकलेले बघितले आणि डिलीट केलं.