जाहिराती लागल्या की

मंगळवार, रात्र

झोप लागत नाहीये म्हणून लिहीत बसलेय. कारण सांगायला गेलं तर हसाल. आई आज ती मालिका बघताना रडली आणि मला राग आला. तिचा, मालिकेचा, माझा... नक्की कोणाचा ते अजून कळलेलं नाही.

मालिका म्हणजे तीच, गिरणगावातल्या खानावळवालीची. प्रोमो आला तेव्हा मी स्वतः चार जणींना पाठवला होता. १९८१ सालचं लालबाग, चाळीतली एक खोली, तीन पाळ्यांच्या गिरणी कामगारांना जेवू घालणारी बाई, आणि पुढे येऊ घातलेला संप. कोणी तरी अखेर आजीची गोष्ट सांगतंय असं वाटलं होतं. यात काही जोडायची गरजच नाही, नुसतं जसं होतं तसं दाखवलं तरी पुरे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. लेखकाला याहून काय हवं?

तर यांना हवी होती जॉबरची, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाची, बहीण. ती कट रचते. डाळीत मीठ जास्त टाकते आणि त्या खारट डाळीवर आख्खा आठवडा जातो. खोली एवढी मोठी की तिथे आमच्या मजल्यावरची सगळी बिऱ्हाडं झोपली असती. पितळेची भांडी लखलखीत, नायिकेची नऊवारी कडक इस्त्रीची, आणि पन्नास भाकऱ्या थापूनही हातांना पीठ नाही! साताऱ्या-कोल्हापूरकडचे जेवणारे आणि कोकणातले जेवणारे एका पंगतीत बसून पुरणपोळी खातात. रोज. आजी असती तर म्हणाली असती, महिनाअखेरीला हिचा नवरा वाण्याला काय सांगतो ते दाखवा आधी.

संप आला आणि पाच भागांत गेला. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांचं नाव एकदा भिंतीवर रंगवलेलं दिसलं, तेही मागे, धूसर. सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते कर्जाच्या भागाला. १९७५ सालीच प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, सावकाराच्या तावडीतून सुटायला बँकेची कर्जं मिळवून दिली होती. म्हणजे बायकांनी बायकांसाठी केलेलं काम आयतं समोर होतं. मालिकेत पैसे कोण देतो? गिरणीमालकाचा चांगल्या मनाचा मुलगा. पावसात. छत्री टाकून.

जाऊबाईंचा भाऊ असल्याच मालिकांचे संवाद लिहितो. तो म्हणतो, सकाळी सेटवर नट मेकअपला बसलेला असतो आणि सीन मोबाईलवर जात असतो. आठवड्याला सहा भाग, दर गुरुवारी टीआरपी, आकडा पडला की शुक्रवारपासून गोष्ट वळवायची. दूरदर्शनच्या काळी तेरा भागांत मालिका आटपायची, आठवड्याला एक भाग. इथे तेवढे भाग दोन-अडीच आठवड्यांतच उडतात. खारट डाळ येणारच मग. हे सगळं मला समजतं. त्याच्यावर राग नाही माझा.

आजच्या भागात नायिकेने उधारीची वही चुलीत घातली. "तुमची भूक हीच माझी उधारी," असं काहीसं वाक्य. मागे सनई. तिचा चेहरा तीनदा, सासूचा चेहरा तीनदा, वहीचाही तीनदा. मी हसायला म्हणून आईकडे वळले तर ती पदराने डोळे पुसत होती.

किती वर्षं मी हिला विचारतेय. आजीची खानावळ कशी चालायची, संपात काय केलंत, किती जण जेवायला होते. रेकॉर्डर घेऊन बसलेय, चहा करून देऊन बसलेय. उत्तर ठरलेलं: "काय सांगायचं त्यात? सगळ्यांचं तसंच होतं." मला वाटायचं, नको असेल तिला ते उकरायला, आपण कशाला त्रास द्यायचा. आणि आज सहाशे भागांच्या तयारीने आलेल्या त्या ढिसाळ मालिकेपुढे ही मोकळी होते? माझ्यापुढे नाही, त्या इस्त्रीच्या नऊवारीपुढे?

जाहिराती लागल्या. साबण, मग हिंग. आणि हिंगाच्या जाहिरातीत आई म्हणाली, "वही कुठली गं? तुझ्या आजीला लिहिता कुठे येत होतं."

मग कळलं ते असं. दाराच्या मागच्या बाजूला खडूच्या रेघा. प्रत्येक माणसाची जागा ठरलेली. सावंतांची कडीच्या वर, मिशीवाल्याची बिजागरीपाशी. खाडा झाला की आडवी रेघ, उधारी राहिली की उभी. आजी अंधारातही हात लावून सांगायची कोणाचे किती. संप लागला, एकेक जण "गावी जाऊन येतो" म्हणून गेला. उभ्या रेघा वाढत वाढत खालच्या फळीपर्यंत आल्या. आई तेव्हा सहावीत. दार लोटताना रेघा पुसू नयेत म्हणून तिने ते कसं धरायचं, हेही आजीने शिकवलेलं. पुढच्या वर्षी गणपतीच्या तोंडावर आजोबांनी कुठून तरी हिरवा ऑईलपेंट आणला आणि दार रंगवून काढलं. आतून बाहेरून. आजोबाही संपातलेच. आजी काही बोलली नाही, दोन दिवस जेवली नाही.

"मुद्दाम केलं त्यांनी?" मी विचारलं.

"सुरू झालं बघ," आई म्हणाली. मालिका सुरू झाली होती.

मघापासून हेच घोळतंय. मला तो हिरवा रंग हवा होता आणि तो मला सनई ऐकून मिळाला. एवढी चांगली गोष्ट हातात असताना त्यांनी वही का जाळली, असं म्हणायला गेले तर त्यांच्या हातात ती नव्हतीच. आईकडे होती. आणि आईने ती मला चांगल्या प्रश्नांवर दिली नाही, वाईट सीनवर दिली. थोडं लागलंच मला. आता अकरा वाजून गेलेत आणि थोडं हसूही येतंय, कारण उद्या मी आठच्या आत घरी पोचायला हवं, आणि ऑफिसात त्यासाठी काय थाप मारायची याचा विचार मी आत्तापासून करतेय. भांडुपची गाडी वेळेवर आली तर बरं. मालिकेचे भाग चुकले तर चुकले, जाहिराती चुकायला नकोत.

पण एक घोळ आहे. प्रोमोत 'पंचवीस वर्षांनंतर' असं दाखवलंय. म्हणजे लीप. म्हणजे खानावळ गेली, टॉवर आला, नायिकेच्या केसांना पांढरी पावडर आणि अमेरिकेतून परतलेला मुलगा. आई त्याच्यावर काय बोलणार? अजून स्टोव्हचं, रॉकेलच्या रांगेचं, सुमामावशीच्या शाळेचं सगळं राहिलंय.

जाऊबाईंच्या भावाला आत्ता मेसेज टाकला. तुझी ओळख असेल तर लीप जरा पुढे ढकलायला सांग ना, निदान गणपतीपर्यंत.

त्याचं लगेच उत्तर: "तू बघतेस ती??"